चित्रेची धडधड कुठे गेली?

चैत्र पौर्णिमेचा चंद्र ज्या निळसर-पांढऱ्या ताऱ्याच्या आसपास असतो, ती चित्रा. महिन्याचं नावही तिच्यावरूनच पडलं. सत्तावीस नक्षत्रांत ती चौदावी. या नक्षत्रात तारा एकच, आणि आकृती सांगतात ती मोत्याची. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की आधी तांबूस स्वाती लागते आणि त्याच वळणाने आणखी पुढे गेलं की चित्रा. शेजारी हस्ताचा वेडावाकडा चौकोन असतो, त्यामुळे चुकायला वाव नाही. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास ती पुण्यातून दक्षिणेला साठ अंश उंच दिसते. ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ या म्हणीतली चित्रा मात्र ऑक्टोबरातली. तेव्हा सूर्यच तिच्यापाशी असतो आणि तारा काही दिसत नाही. शेतकऱ्याची चित्रा आणि आकाश बघणाऱ्याची चित्रा, दोन्ही एकच. फक्त भेटीच्या वेळा वेगळ्या.

पंचांगवाल्यांसाठी ती राशिचक्राची खुंटी आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने निरयन गणनेला, म्हणजे ताऱ्यांना धरून राशी मोजण्याला, चित्रापक्ष धरला. म्हणजे मेषेचा आरंभ अशा जागी मानायचा, की चित्रा तिथून १८० अंशांवर यावी. २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला अयनांश (वसंत संपातापासून या मेषारंभाचं अंतर) ठरले ते याच हिशेबाने. महाराष्ट्रात या प्रश्नावर त्याआधीच रणं माजली होती. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेची बाजू लावून धरली, टिळक पंचांगाने रेवतीची. दोन्हींत जवळपास चार अंशांचा फरक, म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीलाच उरकते. त्याही फार आधी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसने आधीच्या टिमोकॅरिसच्या सुमारे दीडशे वर्षं जुन्या नोंदी पुढे ठेवल्या तेव्हा चित्रा शरद संपातापासून (सूर्य दक्षिणेकडे जाताना विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून) आठ अंशांऐवजी सहा अंशांवर आली होती. संपातबिंदू सरकतो हे त्याला कळलं ते असं. थोडक्यात, लोकांनी मोजमापाला घेतलेली ही फार जुनी पट्टी आहे.

पट्टीची जागा पक्की आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रकाश मात्र पक्का नाही. १९६९ मध्ये असं प्रसिद्ध झालं की चित्रा चार तास दहा मिनिटांच्या ठेक्यावर उजळते आणि मंदावते. चार-पाच वर्षं जातात न जातात तोच तो ठेका दिसेनासा झाला. हे प्रकरण त्या ठेक्याचं आहे. यात मला सगळ्यात जास्त रस आहे तो एका साध्या गोष्टीत: ‘थांबला’ आणि ‘दिसेनासा झाला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिलं म्हणायची घाई करावीशी वाटते.

आधी घरातली माणसं

चित्रा एक तारा नाही. १८९० मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडाम वेधशाळेत हेर्मान फोगेल यांनी तिच्या वर्णपटाच्या फोटोंत पाहिलं की रेषा एका जागी ठरत नाहीत. आज निळ्या बाजूला सरकलेल्या, दोन दिवसांनी लाल बाजूला. तारा आपल्याकडे येतोय, मग दूर जातोय, आणि चार दिवसांत पुन्हा पहिल्या जागी. इतक्या जड वस्तूला असं हेलपाटत ठेवायला शेजारी दुसरं कुणीतरी बरंच जड हवं. दुर्बिणीतून पाहिलं तरी तो दुसरा वेगळा दिसत नाही, पण वर्णपटात त्याच्या रेषाही सापडतात.

आजचे आकडे असे आहेत. मोठा तारा सूर्याच्या साधारण साडेअकरा पट वजनाचा आणि साडेसात पट त्रिज्येचा. पृष्ठभागाचं तापमान पंचवीस हजार अंशांच्या घरात. धाकटा सूर्याच्या सात पट जड, पावणेचार पट त्रिज्येचा, तापमान एकवीस हजारांच्या आसपास. फेरी ४.०१४५ दिवसांची, म्हणजे चार दिवस आणि वर एकवीस मिनिटं. ही एकवीस मिनिटं लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच घोळ घातला आहे. दोघांतलं सरासरी अंतर दोन कोटी किलोमीटरांहून थोडं कमी, बुध-सूर्य अंतराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. त्यात कक्षा लंबगोल, त्यामुळे प्रत्येक फेरीत ते एकदा जवळ येतात आणि एकदा लांब जातात. एवढ्या जवळच्या नांदण्याने दोघांचाही आकार गोल राहिलेला नाही. भरती-ओहोटीच्या ओढीने ते एकमेकांच्या दिशेला ताणले गेले आहेत. अंड्यासारखी वस्तू फिरताना एका फेरीत दोनदा आडवी दिसते आणि दोनदा टोकाकडून. आडवी असताना प्रकाश जास्त, टोकाकडून कमी. हा फरक काही शतांश प्रतींचाच (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप), म्हणजे काही टक्क्यांचा. डोळ्यांना तो कळणं शक्य नाही.

या दोघांना वेगळं ‘पाहिलं’ ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या नॅराब्री इथे. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक विलक्षण यंत्र उभं केलं होतं. १८८ मीटर व्यासाच्या गोल रुळावर फिरणारे साडेसहा मीटरचे दोन परावर्तक, आणि प्रत्येकावर षटकोनी आरशांचे २५२ तुकडे. (हे हॅनबरी ब्राउन जन्मले आपल्या निलगिरीतल्या अरुवनकाडूला, १९१६ मध्ये.) हे आरसे चित्र काढत नसत. एकाच ताऱ्याच्या प्रकाशातली बारीक थरथर दोन्ही आरशांवर किती जुळते एवढंच मोजत, आणि त्यावरून ताऱ्याचा कोनीय आकार निघे. चित्रेचे दोन तारे आपल्याला दीड सहस्रांश विकलेच्या अंतरावर दिसतात. पुण्यातून मुंबईतल्या एखाद्या भिंतीवरची एक मिलिमीटरची फट पाहावी, तसं हे आहे. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मापनांतून कक्षेचा कोन, दोघांची वस्तुमानं आणि अंतर असं सगळं एकदम हाती आलं. अंतर भरलं पावणेतीनशे प्रकाशवर्षांच्या आसपास. पुढे हिपार्कस उपग्रहाने मोजलेलं अंतर सुमारे २५० प्रकाशवर्षं आहे. वीस-पंचवीस वर्षं आधी, जमिनीवरून आणि थेट भूमितीने काढलेला आकडा इतका जवळ असावा, याला मी तरी मानतो.

चार तास दहा मिनिटं

हॅनबरी ब्राउन यांच्याच सिडनी विद्यापीठाच्या वर्तुळातली मंडळी चित्रेचा प्रकाशही मोजत होती. शॉब्रुक, हर्बिसन-एव्हन्स, जॉन्स्टन आणि लोम्ब या चौघांचा लेख १९६९ मध्ये आला. त्यांनी आधी अंडाकृतीमुळे होणारी चार दिवसांची चढउतार हिशेबातून वजा केली. उरलं ते सपाट यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यात ०.१७३८ दिवसांची, म्हणजे चार तास दहा मिनिटांची लाट होती. तिची उंची एक-दीड शतांश प्रत.

असे तारे नवे नव्हते. वृषपर्व्यातल्या बीटा सेफी ताऱ्याच्या वर्णपटात असलं जलद हेलकावणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडविन फ्रॉस्ट यांनी पकडलं होतं. त्या ताऱ्याच्या नावानेच हा वर्ग ओळखला जातो. उष्ण, निळे, सूर्याच्या आठ-दहा पट आणि त्याहून जड तारे, काही तासांच्या ठेक्यावर फुगणारे आणि आकसणारे. चित्रा त्या वर्गातली फार तेजस्वी सभासद निघाली, आणि त्यात जोडतारा. जोडताऱ्याचं वजन कक्षेवरून थेट मोजता येतं. म्हणजे ज्याची धडधड ऐकायची त्याचं वजनही हातात. ताऱ्याच्या पोटात काय चाललंय हे तपासायला याहून चांगला नमुना मागूनही मिळाला नसता.

आणि मग नमुनाच फिरला. पुढच्या हंगामांत लाट खाली येत गेली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशाच्या मोजमापांत तिचा मागमूस राहिला नाही. १९७८ मध्ये लोम्ब यांनी या लघुकाळी स्पंदनाचा वेगळा आढावा घेतला. हा तोच लोम्ब, ज्याच्या नावाने आज ‘लोम्ब-स्कार्गल’ पद्धत ओळखली जाते. असमान वेळांना घेतलेल्या निरीक्षणांतून आवर्तन शोधण्याची ही पद्धत त्याने १९७६ मध्ये मांडली. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचे आलेख काढणारा हौशी माणूस आज संगणकावर जी कळ सहज दाबतो, तिच्यामागे हे नाव आहे.

असमान वेळांचा मुद्दा इथे केवढा मोठा आहे, ते आकड्यांतच बघू. जोडी फेरी पूर्ण करते चार दिवस एकवीस मिनिटांत. ०.१७३८ दिवसांच्या तेवीस धडधडी मोजल्या तर होतात ३.९९७ दिवस, म्हणजे चार दिवसांना चार मिनिटं कमी. एखादा माणूस रोज रात्री त्याच घड्याळी वेळेला चित्रा मोजत असेल, तर दर चार रात्रींनी त्याच्यासमोर जवळपास तेच दृश्य येतं. कक्षाही तीच, आणि धडधडीचा टप्पाही जवळपास तोच. दर फेरीला कक्षा एकवीस मिनिटांनी सरकते, त्यामुळे पूर्ण चोवीस तासांचा फरक पडायला ६९ फेऱ्या, म्हणजे २७७ दिवस लागतात. तेवढ्यात चित्रा सूर्याआड जाऊन परतही येते. एकाच गावातून बघणाऱ्याला ही चित्रा एका खिडकीच्या फटीतून दिसते, आणि फटीतून तोच तुकडा पुन्हा पुन्हा. कुणी मुद्दाम ठरवून असा आकडा निवडला असता तरी इतका अडचणीचा निवडता आला नसता.

तरीही लाट नाहीशी झाली ती काही फटीच्या दोषाने नाही, हे नोंदवायला हवं. १९६८ च्या सुमाराला त्याच फटीतून ती दिसली होती आणि नंतर दिसली नाही. पाहणारेही अनुभवी होते. तेव्हा काहीतरी खरोखर बदललं होतं. प्रश्न होता तो काय बदललं याचा.

धडधड चालते कशाने

संशयितांकडे वळण्याआधी इंजिन समजून घेऊ, कारण याचंही उत्तर सहज मिळालेलं नाही. सेफीड ताऱ्यांच्या (हा बीटा सेफीहून वेगळा, कमी तापलेल्या ताऱ्यांचा वर्ग) फुगण्या-आकसण्यामागे हेलियमचा थर आहे हे पन्नास-साठच्या दशकांत स्पष्ट झालं होतं. थर दबला की प्रकाशाला अडवतो, खाली उष्णता साठते, दाब वाढून थर वर ढकलला जातो. वर गेला की पातळ होतो, उष्णता सुटते, थर पुन्हा खाली. डाळीच्या पातेल्यावरचं झाकण जसं थडथडतं, तसंच. पण बीटा सेफी वर्गाचे तारे इतके तापलेले असतात की तिथे हेलियमचं हे झाकण कामाच्या जागी नसतंच. मग ते धडधडतात कशाने? कितीतरी वर्षं याचं कोडं होतं. गणितात हे तारे गप्प बसायला हवेत, आणि आकाशात ते बसत नाहीत.

१९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी सांगितलं की जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता आपण कमी धरतोय, ती पुन्हा मोजा. नव्वदच्या दशकाच्या तोंडावर अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत आणि युरोपातल्या एका स्वतंत्र प्रकल्पात ती पुन्हा मोजली गेली, आणि सुमारे दोन लाख अंश तापमानाला लोह व त्याच्या भाऊबंदांमुळे एक मोठा उंचवटा सापडला. ताऱ्यात लोह असतं चिमूटभर. पण ते ज्या थरात आणि ज्या तापमानाला असतं, तिथे ते प्रकाशाला पुरतं अडवतं. झाकण मिळालं होतं, पातेल्यात अपेक्षेपेक्षा बरंच खोल.

आता चित्रेचा मोठा तारा या गणितात व्यवस्थित बसतो. त्याचं वजन, तापमान आणि वय पाहता त्याने धडधडायलाच हवं. म्हणूनच त्याचं गप्प होणं आणखी खटकतं.

संशयित

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो हा, की तारा म्हातारा होत होता आणि अस्थिरतेच्या पट्ट्यातून बाहेर पडला. हा मी लगेच बाजूला ठेवतो. या जोडीचं वय सव्वा कोटी वर्षांच्या घरात आहे. एवढ्या आयुष्यात चार-पाच वर्षांत पोटातली रचना बदलावी इतका मोठा ताराही घाईत नसतो.

दुसरा संशयित म्हणजे दोन जवळजवळच्या ठेक्यांचं एकमेकांत मिसळणं. दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित बेसूर लागल्या की आवाज वाढतो-घटतो, तसं. यात धडधड थांबत नाही, दोन लाटा काही काळ एकमेकींना खोडतात. पण मग काही वर्षांनी ती परत यायला हवी होती. पुढची बरीच वर्षं जमिनीवरून पाहणाऱ्यांना ती पूर्वीच्या जोराने आली असं दिसलं नाही.

तिसरा बराच हुशार आहे. १९८५ मध्ये बॅलोना यांनी सुचवलं की ताऱ्याचा अक्षच हळूहळू डुलत असेल. भोवरा डुलतो तसं. धडधडीत ताऱ्याचे काही भाग बाहेर येतात तेव्हा काही आत जात असतील, तर आपल्याला ते कुठल्या बाजूने दिसतात यावर लाटेची उंची ठरते. अक्ष झुकत गेला की तेच स्पंदन आपल्या बाजूने सपाट दिसू लागेल. इथे तारा थांबलेलाच नाही. आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. चित्रेच्या कक्षेतही अशी संथ फिरती गोष्ट आहेच. तिच्या लंबगोलाचा लांब अक्ष सुमारे १२० वर्षांत एक फेरा पूर्ण करतो, कारण फुगलेले दोन तारे एकमेकांना बिंदूसारखे ओढत नाहीत. त्यामुळे अक्ष डुलण्याची कल्पना इथे परकी नाही. मला ती बराच काळ आवडायची.

चौथी गोष्ट संशयित नाही, साक्षीदाराच्या दृष्टीबद्दलची आहे. चित्रेच्या वर्णपटातल्या रेषा सरळ कधी नसतातच. मोठा तारा साधारण दोन दिवसांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. जोडीदाराच्या ओढीने त्याच्या पृष्ठभागावर लाटा उठतात, आणि रेषांवरून उंचवटे सरकत जाताना दिसतात. वर धाकट्याच्या रेषा एका बाजूच्या प्रवासात फिक्या पडतात, हा स्ट्रूव्ह-सहादे परिणाम आणखी वेगळा. वेगावरून धडधड शोधणाऱ्याला आधी ही सगळी गर्दी बाजूला सारावी लागते.

सुटकेसएवढा साक्षीदार

२००३ मध्ये कॅनडाने मोस्ट नावाचा एक लहानसा उपग्रह सोडला. पंधरा सेंटिमीटरची दुर्बीण आणि सुटकेसएवढं अंग. २००७ मध्ये त्याने जवळपास तेवीस दिवस चित्रेकडे पाहिलं. त्याला दिवस-रात्रीचा फटीचा खेळ आडवा येत नव्हता. चार दिवसांची फेरी तुकड्यातुकड्याने जुळवत बसण्याऐवजी त्याने सलग पाच-सहा फेऱ्या पाहिल्या. सोबत जमिनीवरून घेतलेले असंख्य वर्णपट जोडून आंद्रे ट्काचेन्को आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. वर दिलेले वस्तुमान आणि वयाचे आकडे त्यातलेच आहेत.

मोठा तारा एका नव्हे, तीन वेगवेगळ्या ठेक्यांवर धडधडतोय. तिन्ही लाटा लहान आहेत. दोन ठेक्यांत पृष्ठभागाचे काही भाग वर तर काही खाली जातात. त्यांतल्या एकाची वारंवारता कक्षेच्या वारंवारतेच्या नेमक्या पटीत आहे. म्हणजे तो ठेका ताऱ्याचा स्वतःचा नसून जोडीदाराने ओढून लावलेला असावा, भरतीच्या लाटेसारखा. तिसरा ठेका त्रिज्य आहे: अख्खा गोळा एकदम फुगतो आणि एकदम आकसतो.

हा त्रिज्य ठेका मला तिसऱ्या संशयिताविरुद्धचा पुरावा वाटतो. अख्खा गोळा सगळीकडून सारखा फुगत असेल तर तो कुठूनही बघा, सारखाच दिसणार. अक्ष कितीही डुलला तरी असं स्पंदन लपत नाही. १९६८ ची लाट आणि हा त्रिज्य ठेका एकच असेल, तर तेव्हा बदललं ते आपलं उभं राहण्याचं ठिकाण नव्हे, लाटेची ताकदच उतरली होती. ‘थांबली’ हे म्हणणं चूक, कारण धडधड आजही आहे. ‘आपल्याला दिसेनाशी झाली’ हेही अर्धवट, कारण ती खरोखर मंदावली. मधलं उत्तर असं, की तिचा आवाज खाली गेला आणि जमिनीवरून ऐकू येण्याच्या मर्यादेखाली गेला. तो कुणी खाली केला हे मात्र इंजिनाच्या गणितातून निघत नाही. झाकण का थडथडतं हे ते गणित सांगतं, किती उंच उडेल हे नाही. ते ठरतं लाटांच्या एकमेकांशी होणाऱ्या देवघेवीवर, आणि चित्रेत तर जोडीदारही त्यात हात घालतो.

असा आवाज खाली जाणं एकट्या चित्रेचं नाही. आपला अढळ ध्रुव घ्या. तोही जोडतारा, त्याचाही मोठा तारा धडधडणारा. ठेका जवळपास चार दिवसांचा. विसाव्या शतकात त्याची लाट खाली येत येत नव्वदच्या दशकात अगदी थोडी उरली, आणि त्यानंतर पुन्हा वाढलेली दिसली. तेव्हा ध्रुव आणि चित्रा या आपल्या दोन भरवशाच्या खुंट्या आतून अशा आहेत.

गच्चीवरून

हे सगळं वाचल्यावर हात शिवशिवतात. मी गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून गच्चीवर कॅमेरा लावला. ३५ मिमीची लेन्स, ट्रायपॉड, तारा मुद्दाम किंचित अस्पष्ट, म्हणजे चित्रा कॅमेऱ्यात जळून जाणार नाही. पहिली पंचाईत तुलनेच्या ताऱ्याची झाली. मोजणी म्हणजे शेवटी दोन ताऱ्यांची तुलना, आणि चित्रेच्या आसपास तिच्या तोडीचं कुणीच नाही. शेवटी हस्तातले तीन तारे धरले. ते चित्रेच्या चौथ्या ते सहाव्या हिश्शाने तेजस्वी, आणि वर क्षितिजाकडे जरा जास्त झुकलेले, त्यामुळे त्यांच्यापुढची हवाही जाड. ती दुरुस्ती करण्यात माझ्या अर्ध्या रात्री गेल्या.

सकाळी ऑफिस, म्हणून वेळ ठरलेली: रात्री दहा ते एक. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग आले आणि हंगाम संपला. मधल्या काळात जोडीच्या सतरा फेऱ्या झाल्या. सतरा गुणिले एकवीस मिनिटं, म्हणजे सहा तासांचं सरकणं. आलेखावर चार ढीग पडले होते, आणि प्रत्येक ढिगाच्या बाजूला पंधरा तासांची मोकळी जागा. लोकांनी लेखांत लिहिलेली खिडकीची फट मला माझ्याच स्क्रीनवर दिसली.

न्यू जर्सीतल्या मावसभावाला आलेख पाठवला. तो म्हणाला, “दादा, तुझा दिवस उजाडतो तेव्हा माझी रात्र चालू असते, मी लावू का कॅमेरा?” त्याला वर्षभर थांबावं लागलं, पण यंदा दोघांनी तशीच दहा ते एक वेळ धरली, आपापल्या घड्याळाप्रमाणे. तो माझ्या साडेनऊ तास मागे. त्याचे ढीग माझ्या ढिगांच्या शेजारी येऊन बसले, मध्ये जेमतेम अर्ध्या तासाची फट. चोवीसपैकी अठरा तास भरले. त्याच्याकडे चित्रा अडतीस अंशांच्या वर जात नाही आणि शेजाऱ्याचा अंगणातला दिवा एका आठवड्यात तीन रात्री चालू राहिला, तरीही. सगळे बिंदू एका फेरीवर गुंडाळले आणि शेकड्यांनी सरासरी काढली तेव्हा एका फेरीत दोन उंचवटे आणि दोन खळगे दिसले. अंडं आडवं, अंडं टोकाकडून. एक खळगा अर्धा रिकामाच आहे. तिथे बहुधा हवाईच्या बाजूचा कुणीतरी लागेल.

“आणि ते चार तास दहा मिनिटांचं?” असं त्याने विचारलं. अंडाकृतीची लाट वजा करून उरलेल्या बिंदूंवर लोम्बची कळ दाबली. शिखर नाही. ०.१७३८ च्या आसपास बाकी सगळीकडे आहे तेवढाच कचरा. आमच्या बिंदूंचा फैलावच दोन शतांश प्रतींचा, आणि १९६८ ची लाट भरात असताना दीड शतांशाची होती.

वहीत मी त्या रात्री ‘स्पंदन नाही’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते खोडून खाली लिहिलं: ‘आमच्या दोन शतांशांच्या वर काही नाही.’